उंडेऱ्याची २८ घरं

बडोद्यातून गोरव्याच्या बाजूने बाहेर पडलं की उंडेरा लागतं. आज ते शहराला चिकटलं आहे, रिफायनरी जवळच आहे, आणि हे कधीकाळी सहा मैल लांबचं खेडं होतं हे तिथून जाताना सांगूनही खरं वाटत नाही. लस खरोखर काम करते का, हे माणसांमध्ये मोजून पाहण्याचा एक फार जुना आणि फार नेटका प्रयोग या गावात झाला, फेब्रुवारी १८९८ मध्ये. संख्याशास्त्र शिकवताना मी कित्येक वर्षं हे प्रकरण वापरत आलो आहे. बडोद्यातल्या मराठी घरांतली काही मुलंमुली रविवारी आमच्या दांडिया बाजारातल्या घरी जमतात. कोणी नर्सिंग करतंय, कोणी एम.एस्सी., दोघी आरोग्य खात्यात आहेत. यंदा त्यांच्याबरोबर हे प्रकरण पहिल्यापासून पुन्हा उलगडलं, तेव्हा त्यातली एक गोष्ट मी इतकी वर्षं चुकीची सांगत होतो हे कळलं. म्हणून सविस्तर लिहितो आहे.

परिस्थिती

सप्टेंबर १८९६ मध्ये मुंबईच्या मांडवी भागात डॉ. अकासियो व्हिएगस यांनी गाठीच्या प्लेगचं निदान केलं. (मांडवी म्हटलं की बडोदेकराला चार दरवाजांमधली आपली मांडवी आठवते, ही मुंबईच्या गोदीजवळची.) सरकारने वाल्डेमार हाफकिन यांना मुंबईला बोलावून घेतलं. ओडेसाचा जन्म, पॅरिसच्या पाश्चर इन्स्टिट्यूटमधली उमेदवारी, आणि कॉलऱ्याची लस घेऊन बंगालमध्ये केलेली पायपीट, एवढं गाठीशी असलेला हा माणूस ग्रँट मेडिकल कॉलेजात कामाला बसला. प्लेगचे जंतू मांसाच्या पातळ रश्शात वाढवायचे, वर तुपाचे थेंब सोडायचे. त्या थेंबांखाली जंतूंची वाढ झुंबरासारखी लोंबू लागे. ती हलवून खाली पाडायची, पुन्हा वाढू द्यायची, आणि शेवटी सगळं उष्णतेने मारून टाकायचं. ही लस हाफकिन यांनी १० जानेवारी १८९७ रोजी आधी स्वतःला टोचून घेतली.

त्याच महिन्याच्या अखेरीस भायखळ्याच्या तुरुंगात प्लेग शिरला आणि तिथल्या स्वेच्छेने पुढे आलेल्या कैद्यांना लस दिली गेली. निकाल आशादायक होता. पण मला विचाराल तर त्या निकालावर एक शंका कायम बसलेली आहे. तुरुंगात अन्न, हवा, भिंती सगळ्यांना सारख्याच, हे कबूल. पण हात पुढे कोणी केला? अंगात ताकद असलेल्यांनी, की आधीच कणकण वाटू लागलेल्यांनी? पुढे येणारा आणि मागे राहणारा ही एकाच तऱ्हेची माणसं असतात असं धरता येत नाही.

बाहेर समाजात काय चाललं होतं तेही लक्षात घ्यायला हवं. १० मार्च १८९७ रोजी प्लेगच्या रुग्णांची सेवा करता करता सावित्रीबाई फुले गेल्या. पुण्यात घराघरांत शिरून झडत्या झाल्या, आणि २२ जूनच्या रात्री रँडवर गोळी झाडली गेली. सरकारी माणूस, डॉक्टर आणि सुई या तिन्ही गोष्टींची लोकांना धास्ती होती. उंडेऱ्याचा प्रयोग त्यानंतर आठ महिन्यांच्या आत झाला. गाव गायकवाडांच्या संस्थानातलं, इंग्रजी हद्दीतलं नव्हे. संस्थानचे अधिकारी सोबत होते म्हणूनच हे शक्य झालं असावं, असं माझं मत आहे.

प्लेगबद्दल लोकांना काय ठाऊक होतं? आमच्या आजीकडून ऐकलेलं एक वाक्य मी मुलांना नेहमी सांगतो: उंदीर पडला की चूल विझवायची, भांडी आवरायची आणि रानात झोपडी घालायची. म्हणजे उंदरांचा आणि प्लेगचा संबंध घरच्या बायकांना माहीत होता. मधला दुवा पिसू आहे, हे मात्र कोणालाच ठाऊक नव्हतं. पॉल-लुई सिमों यांनी कराचीत उंदरावरच्या पिसवांचा प्रयोग केला तो जून १८९८ मध्ये, उंडेऱ्यानंतर चार महिन्यांनी, आणि त्यावर जगाचा विश्वास बसायला आणखी काही वर्षं गेली.

फळी कुठे पाडायची

हाफकिन उंडेऱ्यात आले तेव्हा गावात प्लेग होता, माणसं मरत होती. बरोबर सर्जन-मेजर बॅनरमन होते. इथे जो निर्णय झाला त्यासाठीच हे प्रकरण मी शिकवतो. गावातल्या ज्यांना हवी त्यांना लस दिली नाही. अर्ध्या गावाला, म्हणजे या फळियाला (वस्तीला) हो आणि त्या फळियाला नाही, असंही केलं नाही. एकेक कुटुंब समोर घेतलं आणि प्रत्येक कुटुंबातल्या साधारण निम्म्या माणसांना टोचलं, उरलेल्या निम्म्यांना नाही. वय, बाई-पुरुष, तब्येत या बाबतीत दोन्ही निम्मे होतील तितके सारखे ठेवले. अशा रीतीने ५१३ जणांना लस मिळाली, गावात त्या दिवशी हजर असलेल्यांपैकी जवळपास निम्म्यांना.

सुमारे सहा आठवड्यांनी ब्रिटिश आणि बडोदे संस्थानच्या अधिकाऱ्यांनी मिळून गावात जाऊन मोजदाद केली. लस टोचल्यानंतर २८ कुटुंबांत प्लेग झाला होता. त्या कुटुंबांचा हिशोब असा:

| | माणसं | प्लेग झाला | मृत्यू |
|---|---|---|---|
| लस टोचलेले | ७१ | ८ | ३ |
| न टोचलेले | ६४ | २७ | २६ |

आकड्यांकडे वळण्याआधी घराकडे बघा. एका छपराखाली राहणारी माणसं एकाच कोठारातले उंदीर, त्याच उंदरांच्या पिसवा, त्याच जमिनीवरची झोप वाटून घेतात. घरात उंदीर मेला की त्याच्या अंगावरून उतरलेली पिसू टोचलेल्या भावाला आणि न टोचलेल्या भावाला सारखीच गाठू शकते. पिसवेचं काम कोणाला ठाऊक नसताना, केवळ घर हे तुलनेचं एकक धरल्यामुळे, रोगाशी येणारा संबंध दोन्ही गटांत आपोआप जवळपास सारखा झाला. संसर्ग हवेतून येतो, जमिनीतून येतो की आणखी कशातून, यावर तज्ज्ञांचे वाद चालू होते. या मांडणीला त्या वादाचं उत्तर लागतच नव्हतं. कारण माहीत नसतानाही न्याय्य तुलना करता येते, हे मला या प्रकरणातलं सगळ्यात मोठं वाटतं, आणि ते आकडेमोडीच्या आधी, फळी कुठे पाडायची हे ठरवतानाच घडलं.

चार खाने

आता हिशोब. टोचलेल्या ७१ पैकी ३ दगावले, म्हणजे ४.२ टक्के. न टोचलेल्या ६४ पैकी २६, म्हणजे ४०.६ टक्के. दोहोंचं गुणोत्तर ०.१०. मृत्यूची जोखीम जवळपास ९० टक्क्यांनी कमी झाली.

रोग होण्याची जोखीम मात्र तितकी घटली नाही: ११.३ टक्के विरुद्ध ४२.२ टक्के, म्हणजे ७३ टक्क्यांची घट. दोन्ही ओळी शेजारी ठेवल्या की आणखी एक गोष्ट दिसते. न टोचलेल्यांपैकी आजारी पडलेल्या २७ जणांत एकच वाचला. टोचलेल्यांपैकी आजारी पडलेल्या ८ जणांत ५ वाचले. लस रोग अडवत होती, आणि अडवता आला नाही तिथे त्याची धार कमी करत होती. करोनाच्या लशींच्या वेळी हेच वाक्य आपण सगळ्यांनी वर्तमानपत्रांत वाचलं. त्याचा एवढा जुना दाखला आपल्या गावाबाहेर आहे.

योगायोगाचं काय? समजा लस म्हणजे नुसतं पाणी होतं. १३५ माणसांत २९ मृत्यू झाले, आणि ७१ जण टोचलेले होते. पाणीच असतं तर २९ पैकी साधारण १५ मृत्यू टोचलेल्यांच्या वाट्याला यायला हवे होते. आले ३. निव्वळ योगायोगाने एवढी तफावत पडण्याची शक्यता लाखात एक इतकीही नाही. १८९८ मध्ये हे वाक्य कोणालाच लिहिता आलं नसतं. योगायोगाची शक्यता मोजणारी कार्ल पिअर्सन यांची काय-वर्ग कसोटी १९०० ची, दोन गट आणि दोन निकाल अशा चार खान्यांच्या तक्त्यासाठीची फिशर यांची अचूक कसोटी १९३० च्या दशकातली. हाफकिन यांच्याकडे फक्त टक्केवारी होती.

आज आपण एकच आकडा सांगून थांबत नाही, खरा आकडा बहुधा ज्यांच्या आत असेल अशा त्याच्या दोन्ही बाजूंच्या मर्यादाही सांगतो. मृत्यूतली घट ९० टक्के म्हणताना ९५ टक्के विश्वासाच्या मर्यादा ६७ ते ९७ अशा येतात. रोगातली घट ७३ टक्के म्हणताना ४६ ते ८७. पट्टा रुंद आहे, कारण माणसं थोडी आहेत. पण खालची कड शून्याच्या आसपासही फिरकत नाही. लहान संख्येला उगाच हिणवू नये. क्षयावरच्या स्ट्रेप्टोमायसिनची १९४८ मध्ये प्रसिद्ध झालेली ब्रिटिश चाचणी १०७ रुग्णांची होती. औषध मिळालेल्या ५५ पैकी ४ आणि न मिळालेल्या ५२ पैकी १४ सहा महिन्यांत दगावले, आणि तेवढ्यावर वैद्यकाची दिशा बदलली. तुलना सरळ असेल तर शंभर-सव्वाशे माणसंही पुरतात. ती वाकडी असेल तर लाखभर माणसं घेऊनही चूक तितकीच राहते, फक्त ती जास्त ठामपणे सांगितली जाते.

माझी चूक

मी वर्षानुवर्षं वर्गात असं सांगत आलो: "उंडेऱ्यात न टोचलेल्या दर १०० पैकी ४१ माणसं मेली." यंदा नर्सिंग करणाऱ्या मुलीने हात वर केला. "काका, ही टक्केवारी गावाची कशी? २८ घरं तर प्लेग आलेलीच घेतली आहेत. ज्या घरांत कोणालाच काही झालं नाही, ती माणसं कुठे गेली?"

तिचं बरोबर होतं. लस टोचली ५१३ जणांना, आणि तक्त्यात आहेत ७१. बाकीचे ४४२ जण अशा घरांतले, जिथे त्या सहा आठवड्यांत कोणीच आजारी पडलं नाही. न टोचलेल्यांचंही तसंच. अंशात सगळे रुग्ण आहेत, छेदात मात्र फक्त दुर्दैवी घरं. छेद पूर्ण गावाचा घेतला तर टोचलेल्यांमधला मृत्युदर ५१३ पैकी ३, म्हणजे ०.६ टक्के होतो, आणि न टोचलेल्यांचा ४१ टक्क्यांवरून पाच-सहा टक्क्यांवर उतरतो. गावातले सहा आठवडे भीषण होतेच, पण मी सांगत होतो तसे नव्हते.

मग ९० टक्के घट हा आकडाही कोसळतो का? त्या रविवारी यावरच सगळ्यात जास्त वेळ गेला. कोसळत नाही. टोचलेले आणि न टोचलेले गावभर जवळपास समसमान होते, आणि २८ घरांतही जवळपास समसमान आहेत. छेद मोठा करा वा लहान, तो दोन्हीकडे साधारण एकाच पटीने बदलतो आणि गुणोत्तर जागेवर राहतं: ३ विरुद्ध २६. तुलनेला धक्का लागत नाही, प्रत्यक्ष जोखमीचा आकडा मात्र पार बदलतो.

आरोग्य खात्यात काम करणाऱ्याला हा फरक नीट कळलाच पाहिजे. एक मृत्यू टाळायला किती जणांना टोचावं लागेल, असं विचारलं तर २८ घरांच्या हिशोबाने उत्तर येतं तीन. गावाच्या हिशोबाने येतं वीसच्या आसपास. उद्या कोणी लशीच्या बाटल्या मागवायला बसला, तर पहिल्या उत्तरावर विसंबून तो सातपट कमी मागवेल, कारण प्लेग कोणत्या २८ घरांत येणार हे टोचण्याच्या दिवशी कोणालाच ठाऊक नसतं. मी त्या मुलीचे वर्गातच आभार मानले आणि वहीतलं जुनं वाक्य खोडलं.

शंका, आणि त्या किती वजनाच्या

चिठ्ठ्या टाकून निवड झाली नव्हती. कोणाला टोचायचं हे माणसं समोर बघून ठरलं. इथे सगळ्यात जड शंका अशी, की त्या दिवशी ज्याच्या अंगात ताप होता त्याला कदाचित टोचलंच नसेल, आणि तो आपोआप न टोचलेल्यांत गेला असेल. तसं असेल तर २६ पैकी काही जण लशीवाचून मेले नाहीत, ते आधीच आजारी होते. ही शंका नुसती बोलून सोडू नये, तिला आकडा द्यावा. समजा न टोचलेल्या मृतांपैकी १६ जण, निम्म्याहून जास्त, आधीच आजारी होते. त्यांना अंश आणि छेद दोन्हींतून वजा करा. उरले ४८ पैकी १०, म्हणजे २०.८ टक्के. तरीही टोचलेल्यांची जोखीम ८० टक्क्यांनी कमीच राहते. शंका खरी असू शकते, पण निकाल उलटवण्याएवढी ताकद तिच्यात नाही.

दुसरी शंका मोजणाऱ्यांची. कोणाला टोचलं होतं हे सगळ्या गावाला ठाऊक होतं. ही लस टोचल्यावर ताप येई, दंड सुजे, लपवणार काय? टोचलेला माणूस मेला तर "हा प्लेग नव्हे, दुसरंच काही" असं म्हणायचा मोह होऊ शकतो. याचाही हिशोब आम्ही मांडला. टोचलेल्यांतले आणखी किती मृत्यू दडवले गेले असतील तर फरक योगायोगात जमा करता येईल? उत्तर आलं १५. एका खेड्यात, सहा आठवड्यांत, २८ घरांमधून १५ प्रेतं गेली आणि संस्थानच्या अधिकाऱ्यांना त्यांचा पत्ता लागला नाही, हे मला पटत नाही. मृत्यू मोजण्याचा हाच फायदा. रोग झाला की नाही यावर मतभेद होतात, माणूस गेला की नाही यावर होत नाहीत. म्हणून या प्रकरणात मी ७३ पेक्षा ९० या आकड्यावर जास्त विसंबतो.

तिसरी शंका एम.एस्सी.च्या मुलाची. एका घरातली माणसं एकमेकांपासून स्वतंत्र नसतात, प्लेग घर धरून येतो, मग १३५ सुटी माणसं धरून कसोटी लावायची कशी? प्रश्न रास्त आहे. अख्खं घर टोचलं किंवा अख्खं घर सोडलं असतं, तर आपल्याकडे खरं तर २८ च नोंदी उरल्या असत्या आणि मर्यादांचा पट्टा आणखी रुंदावला असता. इथे फळी घराच्या आतून गेली आहे. घराचं दुर्दैव दोन्ही बाजूंना सारखं वाटलं जातं, त्यामुळे घराघरातलं साम्य इथे तुलनेला मदतच करतं. घरवार आकडे घेऊन मँटेल आणि हेन्झेल यांच्या १९५९ च्या पद्धतीने हिशोब केला तर हे नेमकेपणाने दाखवता येतं. चार खान्यांत सगळं ओतलं की घर पुसलं जातं, एवढी त्याची तक्रार मी मान्य केली.

एकत्र ओतल्याने काय हरवतं, याचं दुसरं उदाहरण याच लशीच्या इतिहासात आहे. ३० ऑक्टोबर १९०२ रोजी पंजाबातल्या मुलकोवाल गावी १०७ जणांना टोचलं गेलं आणि त्यांतले १९ जण धनुर्वाताने मेले. एकत्र बघितलं तर १०७ पैकी १९, म्हणजे लस जीवघेणी. बाटलीवार बघितलं तर १९ च्या १९ जण एकाच बाटलीतून टोचलेले, बाकीच्या बाटल्यांतून टोचलेले ८८ जण सुखरूप. लशीत दोष असता तर तो सगळ्या बाटल्यांत पसरलेला दिसला असता. बूच काढताना चिमटा जमिनीवर पडला होता आणि तो नीट निर्जंतुक न करता पुन्हा वापरला, असं पुढे समोर आलं. हाफकिन यांना मात्र पदावरून दूर केलं गेलं होतं, आणि दोषमुक्त व्हायला त्यांना १९०७ उजाडलं. एक सोपा तक्ता वेळेवर मांडला असता तर एका माणसाची पाच वर्षं वाचली असती, याची मला मनापासून चुटपुट लागते.

तुलना न्याय्य कधी म्हणायची, हे कागदावर उतरायला १९१५ साल लागलं. मेजर ग्रीनवुड (मेजर हे त्यांचं नाव, हुद्दा नव्हे) आणि उडनी यूल या संख्याशास्त्रज्ञांनी विषमज्वर आणि कॉलऱ्याच्या लशींचे आकडे तपासताना अटी घातल्या: दोन्ही गटांतली माणसं सर्व महत्त्वाच्या बाबतींत सारखी हवीत, रोगाशी येणारा संबंध सारखा हवा, आणि कोणी लस घेतली व कोणाला रोग झाला हे एकमेकांपासून स्वतंत्रपणे ठरवलेलं हवं. उंडेऱ्याला या अटी लावून पाहा. दुसरी अट घराने पाळली. पहिली बऱ्याच अंशी. तिसरी नाही. लशीची परिणामकारकता म्हणून आज जो हिशोब जगभर केला जातो, एक वजा जोखमींचं गुणोत्तर, तोही याच परंपरेतला. २०२० मध्ये फायझर-बायोएनटेकच्या करोना लशीच्या चाचणीत ४३ हजारांहून जास्त माणसं होती. लस मिळालेल्यांत ८ रुग्ण, खोटी लस मिळालेल्यांत १६२, म्हणून ९५ टक्के. गणित उंडेऱ्याचंच आहे, चौथीतला मुलगाही करू शकेल असं. बदललं ते हे, की निवड यादृच्छिक झाली, आणि कोणाला काय मिळालं हे मोजणाऱ्यालाही ठाऊक नव्हतं.

२६

या प्रकरणाचा एक भाग मी बरीच वर्षं भरभर पुढे नेत असे. यंदा तसं केलं नाही.

न टोचलेल्यांतले २६ जण मेले. त्यांना टोचलं असतं तर? टोचलेल्यांचा दर लावला तर ६४ पैकी साधारण ३ मेले असते. म्हणजे २३ माणसं वाचू शकली असती. उलट बाजूनेही मांडा: टोचलेल्या ७१ जणांना टोचलं नसतं तर त्यांतले २९ गेले असते, गेले ३. म्हणजे २६ वाचले. फळ्यावर २६ आणि २३ हे दोन आकडे शेजारी लिहिले, आणि थोडा वेळ कोणी बोललं नाही.

मग त्याच मुलीने विचारलं, "एकाच ओसरीवर उभ्या असलेल्या दोन भावांपैकी एकाला टोचलं, दुसऱ्याला नाही. त्यांच्या आईला काय सांगितलं असेल?"

बचाव म्हणून जे म्हणता येतं ते मी सांगितलं. फेब्रुवारी १८९८ मध्ये लस उपयोगी आहे हे सिद्ध झालेलं नव्हतं. ती निरुपयोगी, किंवा अपायकारकही ठरू शकली असती, आणि मग टोचून घेणारे निम्मे दुर्दैवी ठरले असते. उंडेऱ्याचे आकडे हाती नसते तर पुढे लाखो लोकांना टोचायचं कशाच्या जोरावर? हे सगळं मला मान्य आहे. तरी २३ हा आकडा फळ्यावर असताना ते म्हणणं जड जातं, आणि जड जायलाच हवं. १९५४ मध्ये अमेरिकेत साल्क यांच्या पोलिओ लशीच्या चाचणीत दोन लाखांवर मुलांना लस आणि तितक्याच मुलांना खोटी लस दिली गेली. लकवा देणारा पोलिओ लस मिळालेल्यांत लाखामागे १६ जणांना झाला, खोटी लस मिळालेल्यांत लाखामागे ५७ जणांना. तिथेही या प्रश्नातून सुटका नव्हती.

उत्तराच्या जवळ जाणारी मांडणी मला दिसली ती थेट २०१५ मध्ये, पश्चिम आफ्रिकेतल्या गिनीत. इबोलाची साथ होती, नवी लस होती, आणि उंडेऱ्यासारखीच अडचण: प्रयोग साथीच्या ऐन मध्यात करायचा. तिथे घराऐवजी वर्तुळ धरलं. एक रुग्ण सापडला की त्याच्या संपर्कातली माणसं आणि त्या माणसांच्या संपर्कातली माणसं मिळून एक वर्तुळ. चिठ्ठी टाकून ठरायचं: या वर्तुळाला आज लस, त्या वर्तुळाला २१ दिवसांनी. लशीविना कायमचं कोणालाच ठेवायचं नाही, वाट बघण्याचा काळ तेवढा वेगळा. चिठ्ठी टाकल्यापासून १० दिवस होईपर्यंतचे रुग्ण दोन्हीकडे हिशोबात धरले नाहीत, कारण ती माणसं टोचण्याआधीच रोग अंगात घेऊन आलेली असू शकतात. उंडेऱ्यातल्या तापाच्या शंकेचं उत्तर इथे आधीच नियमात लिहून ठेवलं होतं. मधल्या टप्प्यावर मोजलं तेव्हा लगेच लस मिळालेल्या वर्तुळांत १० दिवसांनंतर एकही रुग्ण नव्हता. वाट बघणाऱ्या वर्तुळांत १६ होते.

"म्हणजे २१ दिवसांतही १६," एम.एस्सी.चा मुलगा म्हणाला.

हो. आणि म्हणून जुलै २०१५ मध्ये हे आकडे दिसताच गिनीत चिठ्ठ्या टाकणं थांबवलं. त्यानंतर सापडलेल्या प्रत्येक वर्तुळाला लगेच लस दिली. तोपर्यंत फक्त प्रौढांना मिळणारी लस सहा वर्षांपुढच्या मुलांनाही द्यायला सुरुवात केली.